युद्धाच्या दिवसांत जिभेची मर्यादा

शास्त्रपाठ : यिर्मया ३८:१–१३



यरुशलेमेस वेढा पडला होता. तटाबाहेर खास्दी लोकांची छावणी आणि आत भाकरीची टंचाई, अशा समयी यिर्मया संदेष्टा लोकांस उघडपणे सांगू लागला की, हे नगर शत्रूच्या हाती जाणार. जो शरण जाईल तोच वाचेल. सरदारांना हे सहन झाले नाही. त्यांनी सिद्कीया राजाकडे फिर्याद नेली की, हा मनुष्य लढणाऱ्यांचे हात ढिले करितो, ह्याला जिवंत ठेवू नये. राजा दुर्बळ मनाचा होता. त्याने संदेष्ट्यास त्यांच्या हवाली केले. त्यांनी यिर्मयास दोरांनी एका हौदात सोडले. हौदात पाणी नव्हते, चिखल होता, आणि त्या चिखलात देवाचा सेवक रुतला.

सरदारांची भीती अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणत नाही. युद्धकाळी शब्दाला धार येते. सैन्याच्या हालचाली जो शत्रूस कळवितो, किंवा जो खोटी आवई उठवून गावात दंगा माजवितो, त्यास आवर घालणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु यिर्मयाने ह्यांपैकी काय केले होते? त्याने गुप्त बातमी विकली नाही, कोणाच्या रक्तासाठी कोणास चिथविले नाही. स्वतःच्याच लोकांस न रुचणारे सत्य त्याने त्यांच्या जीविताच्या काळजीने सांगितले. तोच त्याचा अपराध ठरला.

हे दूर देशीचे प्राचीन वर्तमान आहे असे कोणी समजू नये. आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा औरंगाबाद ह्या नावाने निजामाच्या राज्यात होता, तेव्हाचे दिवस आठवा. त्या राज्यात सभा भरविण्यास सरकारची आगाऊ परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ हे नाव त्या निर्बंधामुळेच लोकांच्या तोंडी बसले. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांस वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याची मनाई झाली. ती चळवळ हैदराबादेपर्यंत पसरली, आणि शिक्षणास मुकलेल्या पुष्कळ मुलांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले.

पुढे १५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबाद राज्य हिंदी संघराज्यात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दोघांमध्ये ‘जैसे थे’ करार झाला, तरी सरहद्द शांत राहिली नाही. एकाने दुसऱ्यावर करारभंगाचा आरोप करावा, दुसऱ्याने पहिल्यावर करावा, असे चालले. कासीम रझवी ह्यांच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांतून जाळपोळ व लूट केली, आणि कितीएक कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे मुंबई इलाख्यात व वऱ्हाडात गेली.

अशा वेळी हैदराबाद शहरात शोएबुल्ला खान नावाचे एक तरुण संपादक ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवीत होते. ते स्वतः मुसलमान होते, आणि राज्याने हिंदी संघराज्यात सामील व्हावे, रझाकारांचा जुलूम थांबावा, असे त्यांनी आपल्याच लोकांच्या भाषेत, आपल्याच लोकांकरिता लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री कचेरीतून घरी परतताना मारेकऱ्यांनी त्यांस गाठून ठार केले, आणि ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडला. हात तोडला, तरी लिहिलेले पुसले गेले नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी सैन्य हैदराबाद राज्यात शिरले, आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. मराठवाड्यात तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात. त्या आनंदात आम्हीही मनापासून सहभागी आहो.

परंतु बंधूंनो, येथेच थांबलो तर आमचे प्रवचन सोपे होईल, सत्य होणार नाही. दुसऱ्याच्या घरच्या जुलमाविषयी बोलण्यास फारसे धैर्य लागत नाही. त्या विजयानंतरच्या दिवसांत पुष्कळ खेड्यांतून सूडाची आग भडकली, आणि रझाकारांच्या पापांची शिक्षा निरपराध मुसलमान शेजाऱ्यांना भोगावी लागली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल व त्यांचे सहकारी ह्यांना चौकशीस धाडले. राज्यभर मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांनी अंदाज दिला; अधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत आपल्या औरंगाबादचेही नाव होते. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. सामान्य वाचकांच्या हाती तो यावयास कित्येक दशके लोटली. अशा रीतीने एका राजवटीत लेखकाचा हात तुटला, आणि दुसऱ्या राजवटीत चौकशीचा कागद कपाटात पडून राहिला. दोन्हीकडे भीती एकच होती : आपल्या बाजूचे दोष बोलले तर आपली बाजू दुबळी होईल. सिद्कीयाच्या सरदारांची भीतीही हीच नव्हती काय?

त्याच अहवालात एक गोष्ट अशी आहे की, ती वाचून मनुष्याने देवाचे आभार मानावे. हिंदू विणकरांनी आपल्याबरोबर माग चालविणाऱ्या मुसलमान विणकरांना हल्लेखोरांपासून वाचविले, आणि त्यात काहींनी स्वतःचे प्राणही दिले. ती माणसे शेजाऱ्यास कामावरून ओळखत होती, आरोळ्यांवरून नव्हे.

आता आमच्या दिवसांकडे येऊ. भारताच्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकास बोलण्याचे व मत मांडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्यासही मुभा ठेविली आहे. कायद्याची मर्यादा आम्ही मानावी. परंतु कायदा जेथे थांबतो तेथे ख्रिस्ती मनुष्याचा विवेक थांबत नाही. २०२५ च्या मे महिन्यात भारत व पाकिस्तान ह्यांच्या तोफा एकमेकांवर धडाडत होत्या, तेव्हा आमच्या हातांतील मोबाइलवर खोटी चित्रे व खोट्या बातम्या पाण्यासारख्या वाहत होत्या. आम्हांपैकी किती जणांनी त्या न पारखता पुढे धाडल्या? देवाने शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई केली आहे, आणि लढाई सुरू झाली म्हणून ती आज्ञा काही काळ रद्द होत नाही.

म्हणून जिभेची मर्यादा आम्ही अशी समजतो. ज्या शब्दाने निरपराध शेजाऱ्याचा जीव धोक्यात येतो तो शब्द, सगळे गाव टाळ्या वाजवीत असले तरी, आम्ही गिळावा. आणि ज्या सत्याने शेजाऱ्याचा जीव वाचतो ते सत्य, सगळे गाव रागावले तरी, सौम्यपणे पण स्पष्ट बोलावे. सुवार्तिक बंधूंनो, उपासनेत सरहद्दीवरील आपल्या जवानांसाठी अवश्य प्रार्थना करा; आणि प्रभूने वैऱ्यांसाठीही प्रार्थना करावयास शिकविले आहे, तेव्हा पलीकडच्या आईच्या मुलासही त्याच प्रार्थनेत जागा द्या. कोणी त्याबद्दल तुम्हांस देशद्रोही म्हणाले, तर यिर्मयासही तेच म्हटले होते हे आठवा.

यिर्मया हौदातच मेला नाही. राजवाड्यातील एबद-मलेख नावाच्या कूशी सेवकाने, जो जातीने परका होता, राजापुढे जाऊन त्याची बाजू मांडली. मग माणसे व दोर घेऊन तो हौदापाशी आला. दोर काखेत रुतू नयेत म्हणून त्याने जुन्या चिंध्याही आठवणीने आणल्या होत्या. मोठ्या सरदारांची सगळी सत्ता एका बाजूस, आणि ह्या परक्याच्या चिंध्या एका बाजूस. आमच्या गावात उद्या कोणी खरे बोलल्याबद्दल किंवा केवळ परक्या धर्माचा म्हणून चिखलात लोटला गेला, तर आम्ही काठावर उभे राहून पाहणार, की दोर घेऊन येणार? आणि येताना चिंध्यांची आठवण ठेवणार काय?

शांतीचा प्रभू आमच्या ओठांवर पहारा ठेवो, आणि बोलण्याच्या घटकेस आम्हांस मुके राहू न देवो. आमेन.