अवजडाचा धर्म

ऐन आषाढात कोल्हापूरहून रत्नागिरीस परत येत असता आंबा घाटातील एका वळणावर आमची एस.टी. एकाएकी थांबली. वरच्या अंगाची माती खाली येऊन रस्ता निम्म्याने अडला होता, आणि जांभ्याचे चिरे भरलेला एक ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत, पावसाच्या धारांतून वर चढत होता. त्या अरुंद जागेच्या आम्ही अधिक जवळ होतो. मनात आणले असते तर आमची गाडी सहज पुढे निघून गेली असती, आणि मागच्या बाकावरील एका घाईतल्या गृहस्थांनी तसे बोलूनही दाखविले. चालकाने मान न वळविता उत्तर दिले, "भरलेली गाडी आहे हो ती. चढावर थांबली तर परत उठत नाय. आपल्याला काय, उतार आहे."

हे उत्तर देणाऱ्या त्या गृहस्थाने कायद्याचे पुस्तक वाचले असेल वा नसेल, परंतु १९८९ साली केंद्र सरकारने जारी केलेल्या आणि २०१७ पर्यंत लागू असलेल्या रहदारीच्या नियमांत नेमके हेच लिहिलेले होते, की डोंगरी रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींस सुरक्षितपणे ओलांडू शकतील इतकी रुंदी नसेल तेथे उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीस वाट द्यावी. या नियमात हक्काची वाटणी कोण आधी आला यावरून केलेली नाही, आणि कोण मोठा यावरूनही नाही; ज्याला उताराने फुकटचे बळ दिले आहे त्याने थांबावे, आणि ज्याला थांबणे अवघड त्याने पुढे जावे, हा त्यातील न्याय आहे. वाहनांच्या लहानमोठेपणाचा आणि चालकाच्या जबाबदारीचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून राहिला.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आपल्याकडे अपघात झाला की जमाव मोठ्या गाडीच्या चालकास धरतो. मोटारसायकलवाला उलट्या बाजूने आला असला तरी दोष ट्रकवाल्याचा, ही जणू आधीच ठरलेली तजवीज असते. विचारी मनुष्यास हा उघड अन्याय वाटेल, कारण कसूर कृत्यात असते, गाडीच्या वजनात नसते. आणि न्यायासनासमोर जेव्हा फिर्याद उभी राहते तेव्हा हयगय कोणाची, एवढेच पाहिले पाहिजे, यात शंका नाही. तथापि कसूर आणि जबाबदारी या दोन वस्तू एक नव्हेत. कसुरीचा विचार अपघातानंतर पंचनाम्यात सुरू होतो. जबाबदारी ही त्यापूर्वीची, किल्ली फिरविण्याच्या क्षणापासूनची गोष्ट आहे. शब्दाची फोड केली तर ज्याने जबाब द्यावयाचा तो जबाबदार. आणि ज्याच्या हातून अधिक घडू शकते त्याच्याकडे मागावयाचा जबाबही अधिक मोठा असणार.

१९ जानेवारी २०२३ च्या पहाटे मुंबई-गोवा महामार्गावर माणगावनजीक रेपोली येथे एक ट्रक आणि गुहागरकडे निघालेली एक लहान व्हॅन यांची टक्कर झाली, आणि व्हॅनमधील नऊ माणसे त्या पहाटे गेली. त्या प्रकरणात दोष कोणाचा हे ठरविणे माझे काम नव्हे. मला केवळ पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम येथे आठवतो. समोरासमोर आदळलेल्या दोन वाहनांस बसणारा आघात सारखाच असतो, परंतु त्या आघाताने प्रत्येकाच्या वेगात होणारा बदल हा त्याच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वीस टनांचा ट्रक आणि दोन टनांची गाडी एकमेकांवर आली, तर ट्रकच्या वेगात जेवढा फरक पडेल त्याच्या दहापट फरक लहान गाडीच्या वेगात पडतो, आणि माणसाचे शरीर मोडते ते या अकस्मात फरकामुळेच. म्हणजे चूक उंच केबिनमध्ये बसलेल्याची असो की खाली बसलेल्याची, तिचे मोल बहुतेक वेळा खाली बसलेला भरतो. लहान गाडीचा चालक चुकतो तेव्हा तो प्रथम स्वतःचा जीव पणाला लावतो. अवजड गाडीचा चालक चुकतो तेव्हा तो दुसऱ्याचा जीव पणाला लावीत असतो. सृष्टीच्या या व्यवस्थेत पक्षपात आहे, आणि सृष्टीने केलेला पक्षपात माणसाने आपल्या आचरणाने भरून काढावा, यालाच मी धर्म समजतो.

आणि हे केवळ ट्रकवाल्यांपुरते नाही. आज आपल्या गावागावांतून, जेथे दोन्ही बाजूंचे चिऱ्यांचे गडगे एकमेकांस जवळजवळ टेकलेले असतात त्या पाखाडीवजा वाटांवरूनही, उंच आणि जड मोटारी फिरू लागल्या आहेत; आणि त्या घेणारा सद्‍गृहस्थ सहसा एकच कारण सांगतो, की मुलाबाळांची सुरक्षितता. त्याच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. परंतु वजनाने विकत घेतलेल्या या सुरक्षिततेचा काही अंश पायी चालणाऱ्या म्हातारीच्या, सायकलवरून शाळेस जाणाऱ्या मुलीच्या वाट्यातून काढलेला असतो, हे त्याने ओळखले पाहिजे. आणि ते ओळखले म्हणजे गडग्याच्या वळणावर त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाईल.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला होता काय? चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम येथे १८८० साली जन्मलेल्या आणि १९६३ साली भारतरत्न झालेल्या पांडुरंग वामन काणे यांनी ज्या धर्मशास्त्राच्या इतिहासासाठी आयुष्य वेचले, त्या शास्त्रात याचे उत्तर सापडते. मनुस्मृतीतील वर्णभेदाचे विषम दंड आज कोणीही विवेकी मनुष्य स्वीकारणार नाही. परंतु तिच्या आठव्या अध्यायातील गाडीच्या अपघाताचे प्रकरण आजही थक्क करणारे आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, दोर तुटला, किंवा चालकाने बाजूला होण्याविषयी मोठ्याने ओरडून सांगितले, अशा दहा प्रसंगी तेथे दंड नाही. चालक निपुण असता त्याच्या हातून हानी झाली तर दंड त्याला. परंतु अडाणी चालकाच्या हाती गाडी दिल्याने हानी झाली तर दोनशे पण दंड मालकाला, आणि असा चालक ठाऊक असूनही गाडीत बसलेल्या प्रत्येकाला शंभर पण. जबाबदारी केवळ लगाम धरणाऱ्या हातात संपत नाही, ती मालकाच्या तिजोरीपर्यंत आणि प्रवाशाच्या बैठकीपर्यंत पोहोचते, हे त्या काळी बैलगाडीच्या संदर्भात उमगलेले होते.

त्याच ग्रंथात अन्यत्र वाट कोणी कोणास द्यावी याची एक मालिका आहे, आणि तीत वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, भार वाहणारा, स्त्री अशांना वाट द्यावी असे सांगितले आहे. येथे वाहनाला अग्रस्थान मिळालेले पाहून आजचा धनिक कदाचित हर्षभरित होईल. परंतु भार वाहणाऱ्याच्या पंक्तीस वाहन का बसविले याचा विचार करावा: चाकोरीत रुतलेली गाडी बाजूस घेणे कठीण, डोईवर ओझे असलेल्याला वळणे कठीण, वृद्धाला थांबणे कठीण. आंबा घाटातील त्या चालकाचाच हा न्याय आहे. आज ज्याच्या हाताशी बोटाने फिरणारे चाक आणि पायाशी तत्काळ लागणारा ब्रेक आहे, त्याने त्याच न्यायाने त्या मालिकेतील आपली जागा सोडून वृद्धास, ओझेकऱ्यास व बालकास ती दिली पाहिजे.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो रत्नागिरीतच जन्मलेल्या एका महापुरुषाच्या ग्रंथाच्या आधारे निघेल. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्माची नैतिक योग्यता त्याच्या बाह्य परिणामावरून न ठरविता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, हा सिद्धांत मोठ्या तर्कशुद्धतेने मांडला आहे. मग ज्याच्या मनात कोणाला मारण्याचा हेतू नव्हता त्याच्या माथी गाडीच्या वजनाचे पाप का मारावे? याचे उत्तर मला कठोपनिषदातील रथाच्या रूपकात दिसते. तेथे शरीर रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी आहे. बुद्धी शुद्ध असणे म्हणजे केवळ तीत द्वेष नसणे नव्हे. सारथ्याच्या मनात कोणाविषयी वैर नाही पण तो पेंगत आहे, तर त्याची बुद्धी शुद्ध नसून अनुपस्थित आहे. हयगय हीदेखील बुद्धीचीच एक अवस्था होय, आणि म्हणून "माझ्या मनात नव्हते" हा जबाब अपुरा पडतो. त्याच्या मनात असावयास हवे होते ते अवधान तेथे नव्हते, हाच तर प्रश्न आहे.

राजा दशरथाच्या मनात तरी श्रावणास मारण्याचे कोठे होते? काळोखात केवळ आवाजाच्या वेधाने बाण सोडण्याच्या आपल्या कौशल्याचा त्याला अभिमान होता, आणि घडा भरण्याचा शब्द त्याला हत्तीचा वाटला. हेतू निर्मळ, सामर्थ्य अफाट आणि दृष्टी मात्र नाही: रात्रीच्या रस्त्यावरील कितीतरी अपघातांचे हेच वर्णन आहे. परंतु दशरथाने पुढे जे केले ते अधिक विचारात घेण्यासारखे आहे. तो पळाला नाही. ते पाणी घेऊन तो स्वतः त्या अंध मातापित्यांपुढे उभा राहिला आणि आपल्या तोंडाने त्याने सत्य सांगितले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकाकडून हेच मागते, की जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी आणि पोलिसांस वर्दी द्यावी; मात्र जमावाच्या क्षोभामुळे मदत मिळवून देणे अशक्य झाले तर तेवढ्यातून त्याला सूट आहे. भारतीय न्याय संहितेत पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा तेवढे पोटकलम स्थगित ठेवले गेले. चालकांची भीती मला खोटी वाटत नाही. ज्याने दशरथाप्रमाणे थांबून जबाब द्यावा अशी आपली अपेक्षा आहे, त्याला जबाब देईपर्यंत जिवंत ठेवणे हे जमावाचे कर्तव्य आहे.

आणि मालकाचे, प्रवाशाचे कर्तव्य? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम ठरवून दिले होते; परंतु काम किती तास याइतकाच ते कोणत्या प्रहरी, हाही प्रश्न आहे. १९ मार्च २०१३ रोजी खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून खाजगी बस कोसळून ३७ माणसे गेली तीही उत्तररात्रीची वेळ होती, आणि रेपोलीची घटिकाही पहाटेची; कारणे काहीही असोत, ज्या प्रहरी देह झोप मागतो त्याच प्रहरी आपण या मार्गावर सर्वांत अवजड वाहने धाववितो, ही वस्तुस्थिती आहे.

यात मीही आलो. आमच्या कलमांचा आंबा दर वर्षी टेम्पोने वाशीच्या बाजारात जातो. पहाटेच्या लिलावास पेट्या पोहोचल्या तर भाव बरा मिळतो, म्हणून एका चैत्रात मी त्या तरुण चालकास रात्री दोनदा फोन करून "कुठवर आलास?" असे विचारले होते. दुसऱ्या फोननंतर थोड्याच वेळात त्याचा डोळा लागला आणि टेम्पो मोरीच्या कठड्यास घासून थांबला. समोरून कोणी येत नव्हते, एवढ्यामुळेच मी आज हे लिहू शकतो. मी गाडीत नव्हतो, तरी मनूच्या हिशेबाने शंभर पण माझ्याकडे निघतात.

खंडेनवमीस आपण शस्त्रांची पूजा करतो आणि दसऱ्याला त्याच ओघात आपल्या गाड्यांनाही झेंडूची माळ घालतो. ही रूढी अर्थहीन नाही: ज्याने जीव जाऊ शकतो ते हाती घेण्यापूर्वी त्याच्यापुढे नम्र व्हावे, असे ती सांगते. परंतु ती नम्रता वर्षाच्या उरलेल्या रात्रींनाही लागू असते. म्हणून आता पेट्या चढल्या, दोर आवळला, की मी चालकाजवळ जाऊन एवढेच सांगतो, की झोप आली तर गाडी बाजूला घे आणि नीज. पेंढ्यात घातलेला हापूस पिकायला आठ-दहा दिवस घेतो. एका रात्रीच्या उशिराने त्याचे काही बिघडत नाही.