कसब आणि कमाई

आमच्या समाजातली आडनावे ओळीने वाचली तर एखाद्या जुन्या बाजारपेठेतून फेरी मारल्यासारखे वाटते. अत्तार, तांबोळी, मणियार, बागवान, पिंजारी, शिकलगार, पटवेगार, रंगरेज, मोमीन, कागदी. एकेक आडनाव म्हणजे एकेक दुकान, एकेक हत्यार, हाताला पडलेले घट्टे. आज या आडनावांचा त्या कामांशी फारसा संबंध राहिलेला नाही. तांबोळी बँकेत आहेत, पिंजारी प्राध्यापक आहेत, शिकलगार वकिली करतात. चांगलेच आहे. पण शिकल्यासवरल्या घरांतून आडनावात डोकावणारा हा धंदा अडचणीचा वाटू लागला आहे, हेही खरे. सोयरीक जुळवताना बिरादरीचा विषय दबक्या आवाजात निघतोच. हाताने काम करणारा तो खालचा, ही समजूत आमच्या धर्माने शिकवलेली नाही. ती इथल्या हवेतून आमच्यात आली आणि आम्ही तिला घरच्यासारखे वागवले. हीच मंडळी व्यासपीठावर उभी राहिली की मात्र इस्लामी कलेचा वारसा म्हणून ताजमहाल, गोलघुमट आणि बिदरी कामाची नावे अभिमानाने घेतात. गोलघुमट वंशावळींनी रचलेला नाही.

आम्ही चित्रे काढतो. पोटासाठी पाट्या रंगवल्या, मशिदींच्या कमानींवर अक्षरे लिहिली. त्यामुळे कलेविषयीचे दोन प्रश्न आम्हाला आयुष्यभर विचारले गेले. पहिला, हे जायज आहे का? दुसरा, यात पोट भरते का? पहिला बाहेर विचारतात, दुसरा घरात. (व्याजाने कर्ज काढून दुकान टाकणाऱ्याला पहिला प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि पदवी घेऊन चपला झिजवणाऱ्याला दुसरा विचारायची कोणाची छाती होत नाही. असो.) या दोन प्रश्नांच्या रेट्यात तिसरा राहूनच जातो. रोजच्या जगण्यात कलेची जागा कुठली, आणि ती जागा जो माणूस तयार करतो त्याच्याशी आपण कसे वागतो?

'कसब' हा शब्द आम्हाला नेहमी विचारात पाडतो. अरबीत 'कस्ब' म्हणजे कमाई, मिळकत. मराठीत आल्यावर तो हातातल्या कौशल्याला चिकटला. ज्या लोकांनी हा अर्थ वळवला त्यांनी भाषाशास्त्र वाचले नसेल, पण कौशल्य आणि भाकरी एकाच हातात असते हे त्यांना पक्के ठाऊक होते. 'कला' हा शब्द मात्र वरच्या मजल्यावर राहायला गेला, कसब तळमजल्यावर राहिले. पुण्यात तर ही वाटणी नकाशावरच दिसते. बालगंधर्वचे कलादालन नदीपलीकडे. आणि अलीकडे कसबा पेठेत व तिच्या आसपास तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा.

कागदीपुऱ्याजवळ थोडे थांबले पाहिजे. कागद हा शब्दच फारसीतून आलेला. कागद करण्याची विद्या चीनमधून समरकंदला, तिथून बगदादला आणि पुढे मुसलमान कारागिरांच्या हातांतून अर्ध्या जगात पोहोचली. आपल्याकडे दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे, जुन्नरी कागदाचे नाव होते आणि पुण्यात कसबा पेठेत हा कागदीपुरा. इथले कागदी मुसलमान. हातकागदाला तागाच्या जुन्या पोत्यांपासून दोरखंडापर्यंत टाकाऊ माल चाले. तो तोडायचा, चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, पायाने चालवायच्या जड हातोड्याखाली कुटायचा, वाहत्या पाण्यात धुवायचा. मग हौदातल्या लगद्यात काड्यांची चाळण बुडवून अलगद वर उचलायची. त्या उचलण्यातच सगळे कसब. हात किंचित कलला की ताव एका बाजूला जाड होतो. ओले ताव दाबून पाणी काढायचे, भिंतीवर चिकटवून वाळवायचे, खळ लावायची आणि शेवटी दगडाने घोटून घोटून कागद असा गुळगुळीत करायचा की बोरूचे टोक कुठे अडकू नये, शाई फुटू नये.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाईंनी 1930 ते 1934 या काळात त्यांतून निवडक कागदांचे 45 खंड काढले. इतिहासकार त्या कागदांत कोणी कोणाला काय लिहिले ते शोधतात, आणि ते योग्यच आहे. पण मजकूर वाचण्याआधी बोटांना जो लागतो तो कागद. इतकी वर्षे लोटली तरी तो हातात तुकडे होत नाही. आमच्या घरातल्या तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकांची पाने मात्र पिवळी पडून मोडतात. सरदार, सावकार, कारकून यांची नावे दफ्तरात आहेत. ज्याने ताव उचलला त्याचे नाव कुठेही नाही. इतिहास मुसलमानांना पुण्याच्या गोष्टीत शत्रू म्हणून किंवा फार तर तोफखान्यातला इब्राहिमखान गारदी म्हणून जागा देतो. ती गोष्ट ज्यावर लिहिली गेली त्या कागदातला मुसलमान कोणाला दिसत नाही, आणि खेद असा की आम्हालाही दिसत नाही.

गिरणीचा कागद आला आणि हे काम मोडले. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच विचारातून 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. शिवाजीनगरला तिथे हाताने केलेला कागद मिळतो. आम्ही जलरंगाची चित्रे अशाच कागदावर काढतो, कारण त्याला अंग असते. रंग वरवर तरंगत नाही, आत शिरतो. पण आता हा कागद लग्नपत्रिकेचा, भेटवस्तूचा झाला आहे. जो हिशेबाच्या वहीचा होता तो हौसेचा झाला.

इथेच आमचा मुद्दा आहे. रोजच्या वापरातली वस्तू वापरातून उठली की आपण तिला कला म्हणू लागतो. शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय पुण्याच्या माणसाला सांगायला नको. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभे केले आणि पुढे शासनाला देऊन टाकले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तिथे एक दालन रचले आहे, म्हणून आमची माणसे तिकडे पाहुण्यांना नेतात. आम्हाला मात्र त्याहून ओढ आहे ती दिव्यांची, अडकित्त्यांची, पाय घासायच्या वज्र्यांची, फण्यांची. मोराच्या आकाराचा अडकित्ता! सुपारी तर साध्या पात्यानेही कातरली असती. पण कोणा लोहाराला वाटले की सुपारी कातरणाऱ्याच्या हातात मोर असावा. केळकर कविता लिहीत ते 'अज्ञातवासी' या नावाने. अज्ञात कारागिरांच्या वस्तू गोळा करणाऱ्याने हे नाव घ्यावे, हा योगायोग आम्हाला नेहमी हलवतो. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांनी जमवले नसते तर हे सारे भंगारात वितळले असते. तक्रार आपल्याविषयी आहे. काचेआडच्या अडकित्त्यापुढे आपण मान झुकवतो आणि बाहेर पडून तांबट आळीत घागरीवर मठार देणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो.

संगीतातही हेच. सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून पुण्याची शान आहे. सवाई गंधर्वांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मैफल ज्या तंबोऱ्यांवर उभी राहते ते तंबोरे? मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा, त्याच हातांनी सतार-तंबोरे करायला घेतले. तलवारीला धार लावणारे हात जवारी काढू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, मिरजेचे हात आणि त्यावर साऱ्या हिंदुस्थानाचा षड्ज. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद झाला. मैफलीत गायकाचे नाव येते, तबलजीचे येते. तंबोरा कोणी केला, हे निवेदक सांगत नाही.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ, जायज-नाजायजच्या. आम्ही आलिम नाही, फतवा देण्याची आमची योग्यता नाही. पण हदीसच्या ग्रंथांत आलेली एक घटना चित्रकार म्हणून आम्हाला फार जवळची वाटते. हजरत आयेशा (र.) यांनी घरात चित्रे असलेला पडदा लावला होता. पैगंबर (स.) यांना तो रुचला नाही. त्यांनी तो उतरवून फाडला, आणि हजरत आयेशांनी त्याच कापडाच्या उशा शिवल्या. एका रिवायतीत पैगंबर त्या उशीला टेकत, असे येते. दुसऱ्या एका रिवायतीत उशीवरच्या चित्रांविषयीही नापसंती आहे. म्हणून यातून सरसकट परवानगी काढणे बरोबर नाही, आणि फकिहांनीही यावर खूप वाद घातला आहे. पण आमच्यासारख्याला त्यात एक गोष्ट दिसते. समोर टांगून ज्याच्यापुढे नजर खिळते ते चित्र वेगळे आणि ज्यावर कोपर टेकवून माणूस विसावतो ते वेगळे, असा विचार तिथे आहे. आज कलादालनात चित्राला जे स्थान देतात, पांढरी भिंत, वरून पडणारा दिवा, कुजबुजत बोलणारी माणसे, ते पाहून कधी कधी वाटते की बुतपरस्तीची भीती अगदीच अनाठायी नव्हती. चित्रकाराच्या सहीपुढे जेवढी नमस्कारांची गर्दी होते तेवढी चित्रापुढेही होत नाही.

दुसरी एक रिवायत इब्न अब्बास (र.) यांची. एक माणूस त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, माझी रोजी हाताने चित्रे करण्यावर आहे. त्यांनी त्याला इशारा ऐकवला. तो ऐकून त्या माणसाचा चेहराच उतरला. तेव्हा ते म्हणाले की करायचेच असेल तर झाडे काढ, ज्यांत जीव नाही ते काढ. आम्ही माणसांचीही चित्रे काढतो. तो आमचा आणि अल्लाहचा हिशेब आहे. पण या प्रसंगात आमचे लक्ष त्या उतरलेल्या चेहऱ्याकडे जाते. इब्न अब्बासांनी मनाई सांगितली आणि पोटाची वाटही दाखवली. आज मनाई सांगणारे पुष्कळ भेटतात, वाट दाखवणारा एखादाच.

आणि सौंदर्याचा प्रश्न तर अगदी रोजच्या गोष्टीवरून निघाला होता. आपले कपडे चांगले असावेत, जोडे चांगले असावेत, असे वाटणे हा गर्व आहे का, असे एकाने विचारले, आणि अल्लाह स्वतः सुंदर आहे, त्याला सौंदर्य आवडते, अशा आशयाचे उत्तर पैगंबरांनी दिले. प्रश्न महालाचा नव्हता, जोड्याचा होता.

जोडे, पाट्या, ताव. 2000 नंतर फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवणाऱ्यांचे ब्रश वाळले. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून दिवस काढले होते. त्या परांचीवरून, म्हणजे बांबूच्या त्या माळ्यावरून, उतरून ते जगात गेले. बाकीचे हजारो तिथेच राहिले आणि मग माळाच गेला. आमच्या ओळखीतले एक पेंटर पुण्याच्या पूर्व भागात किराणा दुकानांची अक्षरे लिहीत. त्यांच्या 'श'ची गाठ लांबून ओळखू यायची. आता ते रिक्षा चालवतात. रिक्षाच्या मागे स्वतःच्या हाताने मुलीचे नाव लिहिले आहे, मराठीत आणि उर्दूत. पुण्यातले ते सर्वांत सुंदर अक्षर असावे, असे आमचे मत आहे. वाहतूक पोलिसाला तसे वाटत नाही.

घरातल्या बायकांविषयी लिहायला सुरुवात केली तर हा लेख संपणार नाही. रमजानमध्ये खाटेवर केसासारख्या बारीक वाळत घातलेल्या शेवया, जुन्या लुगड्यांच्या वाकळीवरचे धावदोरे, दस्तरखानाच्या काठावरचे विणकाम. हे करणाऱ्या आईला, खालाला, कोणी कलावंत म्हटले तर त्या तोंडाला पदर लावून हसतील. 'कलावंतीण' या शब्दाचा इतिहास पाहता त्यांचे हसणे रास्तच. पण वाकळ जुनी झाली की ती फेकली जाते, आणि तशीच वाकळ महागड्या दुकानात दिसली की तिच्यावरची चिठ्ठी पाहून आमचीच सुनबाई म्हणते, किती आर्टिस्टिक आहे!

यावर उपाय काय, असे एखादा तरुण विचारतो. तर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. चित्राच्या मागच्या बाजूला, जिथे आमची सही असते, तिच्याखाली कागद कुठे झाला आणि चौकट कोणी बसवली त्याचे नाव लिहायचे. घेणाऱ्यांपैकी काहींना ते आवडते, काहींना वाटते की ही काही उधारीची नोंद असावी. चौकट बसवणारे आमचे सुतार आहेत, आडनावानेही सुतार, आमच्यातलेच. त्यांना पहिल्यांदा दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा वर करून नाव वाचले, पुन्हा वाचले आणि म्हणाले, "नाव ठीक आहे भाईजान, पण फुटाचा दर चार वर्षं तोच आहे."

दर वाढवला. नावही तसेच ठेवले.