मिताहाराचा धर्म

चाळिशी ओलांडलेल्या देहावर मेद साचू लागला म्हणजे वैद्याकडे जावे, काट्यावर उभे राहावे आणि पथ्याचा कागद घेऊन परतावे, असा सध्याचा शिरस्ता आहे. परंतु ज्या परंपरेने अन्नाला ब्रह्म म्हटले आणि अन्नाची निंदा न करणे हे तैत्तिरीय उपनिषदात व्रत म्हणून सांगितले, त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न केवळ देहाचा म्हणून सोडविता येत नाही. ताटात आलेले नाकारणे हा त्याला अन्नाचा, आणि वाढणाऱ्या हाताचाही, अवमान वाटतो. अन्नाचा आदर राखून आहार उणा कसा करावा, हा म्हणूनच मला धर्माचा प्रश्न वाटतो.

1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांच्या अंमलाखाली असलेल्या म्हसळ्यात, जेथे हिंदू आणि कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आणि दोघांच्याही ताटात भात नि मासळीच मुख्य राहिली, या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्ट दिसते. वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिकविणाऱ्या, आवणात दिवसभर वाकून भात लावणाऱ्या देहाला भाताची रास आवश्यकच होती. पुढे मुंबईहून आणि आखाती देशांतून पैसा येऊ लागला, शेते पडीक राहू लागली, बसण्याचे व्यवसाय वाढले. कष्ट गेले, रास मात्र राहिली. वयाबरोबर जठराग्नी मंदावतो म्हणून पोट सुटते, असे आपण मानतो. परंतु 29 देशांतील 6,400 हून अधिक लोकांचे मोजमाप करून 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, देहाचे आकारमान लक्षात घेता वयाच्या विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाव्यय जवळजवळ स्थिर राहतो, असे आढळले. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांचा मेद पोटाकडे सरकतो, बैठ्या माणसाचे स्नायू क्षीण होतात, हे खरेच. तरीही सारा दोष वयाच्या नावावर टाकता येणार नाही.

येथे एक विलक्षण एकवाक्यता ध्यानात घेण्यासारखी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन आहाराला, एक द्रवाला आणि एक वात-पित्त-कफांच्या संचाराला मोकळा ठेवावा, असे सांगितले आहे; आणि तिर्मिझींच्या हदीस-संग्रहात पैगंबरांचा उपदेश येतो तो असा, की पाठ ताठ राहील इतके घास माणसाला पुरेत, आणि अधिक खाणे भागच असेल तर एक तृतीयांश अन्नाला, एक तृतीयांश पाण्याला आणि एक तृतीयांश श्वासाला द्यावा. म्हणजे म्हसळ्यातील मंदिरात जाणाऱ्यास आणि मशिदीत जाणाऱ्यास एकच दंडक लागू आहे. अन्न ईश्वराचे म्हणून पूज्य. पण पोटातील रिकामी जागाही त्याचीच आहे, आणि ती अतिक्रमणावाचून राखणे हीही पूजाच होय, असा याचा अर्थ मी घेतो.

हा दंडक सोडून आपण उपवासाचा आश्रय केला. उपवासाची थोरवी मी नाकारीत नाही. परंतु एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाणे तुपासह भरपेट खाऊन, किंवा रमजानमध्ये दिवसभराचा रोजा सांजेच्या तळणीवर सोडून, आपण दिवस पाळतो आणि मात्रा मोडतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, असे दोघेही योगाला अपात्र ठरविले आहेत, त्याचा विसर पडावा हे दुःखद आहे.

म्हसळ्यापासून फार दूर नसलेल्या, राजपुरी खाडीकाठच्या कुडे लेण्यांत ज्या बुद्धाची उपासना चाले, त्याच्या चरित्रातील एक प्रसंग संयुत्तनिकायात आला आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोण या मोठ्या मापाएवढ्या तांदळाचा भात खाऊन धापा टाकीत भेटीस आला. बुद्धाने त्याची निर्भर्त्सना केली नाही. आहाराची मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना ओसरतात आणि वार्धक्य सावकाश येते, अशा आशयाची गाथा तेवढी म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणास ती पाठ करावयास लावून, रोज 100 कार्षापण देऊन, आपल्या भोजनसमयी म्हणविली आणि क्रमाक्रमाने तो नाळी या लहान मापाएवढ्या भातावर आला. सडपातळ झालेल्या अंगावरून हात फिरवीत त्याने उद्गार काढले, की तथागताने आपले इहलोकीचे आणि परलोकीचे, दोन्ही हित साधले. आमचा श्लोक काय किंवा बिस्मिल्ला काय, भोजनाच्या आरंभी म्हटली जाते. राजाला स्मरण हवे होते ते घास घेताना, आणि मनुष्यस्वभावाची ही जाण मला फार मोलाची वाटते.

तथापि राजाजवळ सुदर्शन होता. घरातील गृहिणीजवळ कोण आहे? सर्वांना वाढून ती शेवटी बसते आणि अन्न टाकू नये या श्रद्धेने मुलांच्या ताटातला भात, उरलेली आमटी, तव्यावरची शेवटची भाकरी स्वतः संपविते. तिच्या देहावरील मेद पुष्कळदा हावेचा नसून या श्रद्धेचाच असतो, आणि तिला खादाड ठरविणे हा घोर अन्याय आहे. संयम ताटावर आणला की असा भार कोणावर तरी पडतोच. म्हणून संयम तांदूळ काढतानाच झाला पाहिजे. प्रसेनजितानेही मापच बदलले होते. घरातली माणसे बसून काम करू लागली असतील, तर शेराच्या जागी मापटे घ्यावे, भाताची उणीव कुळथाने आणि पालेभाजीने भरावी, आणि हे माप तिने एकटीने नव्हे, जेवणाऱ्या सर्वांनी मिळून ठरवावे.