चिलीम, कर्म आणि कसोटी

केवळ छंद म्हणून लाकूड किंवा दगड कोरून तंबाखू ओढण्याचा पाइप घडवणारा माणूस ती वस्तू हस्तकलेच्या स्पर्धेत मांडतो, तेव्हा त्याच्या कर्माचे स्वरूप बदलते काय, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसला तरी भारतीय कर्मविचाराच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. छंदाच्या कामाला मजुरी नसते, गिऱ्हाईक नसते, कुळाचाराची सक्तीही नसते. म्हणजे फळाची अपेक्षा न ठेवता केलेले कर्म, ज्याला गीता निष्काम कर्म म्हणते, त्याच्या अगदी जवळचे हे काम वाटते. स्पर्धेत मात्र क्रमांक असतो, प्रशस्तिपत्र असते आणि शेजाऱ्याच्या वस्तूपेक्षा आपली वस्तू सरस ठरावी ही इच्छा असते. मजुरीच्या रूपाने जे फळ दाराबाहेर ठेवले होते तेच मानाच्या रूपाने आत येते, असा आक्षेप त्यावर घेता येतो.

युरोपात हा छंद प्रामुख्याने भूमध्यसागराच्या काठी उगवणाऱ्या ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीवर पोसला गेला. ही गाठ अनेक तास उकळून तिच्यातला रस काढावा लागतो, नंतर ती महिनोन्महिने वाळवावी लागते आणि मगच ती निखाऱ्याची धग सोसते. फ्रान्समधील सॅं-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकात याच कामासाठी प्रसिद्धीस आले, तर तुर्कस्तानातील एस्किशेहिरच्या परिसरात मिळणाऱ्या मऊ पांढऱ्या खनिजातून तितकेच नाजूक पाइप कोरले गेले. आपल्याकडे मात्र, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत, धूम्रपानाची रूढ साधने म्हणजे पानात वळलेली विडी आणि मातीची चिलीम. कुंभाराने चाकावर ओढलेली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली, आव्यात भाजलेली ही नळी. तिच्या आत तंबाखू खाली घसरू नये म्हणून एक खडा बसवतात आणि ओढणाऱ्याच्या तोंडाशी छापी, म्हणजे ओल्या फडक्याची पट्टी, गुंडाळतात. तंबाखू मुळात अमेरिकेतला. पोर्तुगिजांच्या व्यापारातून तो दख्खनेत रुजला आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग हा मुघल वकील विजापुराहून परतताना तो अकबराच्या दरबारी घेऊन गेला, तेव्हा त्याने त्यासोबत रत्नजडित हुक्काही नेला होता. राजाचा हुक्का रत्नजडित आणि शेतकऱ्याची चिलीम कच्च्या घाटाची, हा भेद तेव्हापासूनचाच आहे. परंतु धर्माच्या क्षेत्रात प्रतिष्ठा मिळाली ती हुक्क्याला नव्हे, चिलमीला.

मुरबाड तालुक्यात देहरी गावाच्या माथ्यावर उभा असलेला गोरखगड परंपरेने गोरक्षनाथांचे साधनास्थान मानला जातो आणि त्याच्या शेजारचा सुळका मच्छिंद्रगड म्हणून ओळखला जातो. अशा स्थळी थांबणाऱ्या गोसाव्यांच्या आणि बैराग्यांच्या जीवनक्रमात धुनी, म्हणजे सतत तेवत ठेवलेला अग्नी, आणि त्या अग्नीवर पेटवून एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी चिलीम या गोष्टी अंगभूत होत्या. वऱ्हाडात शेगावला 1878 मध्ये प्रकट झालेल्या गजानन महाराजांच्या चरित्रातही चिलमीला मोठे स्थान आहे: जानकीराम सोनाराने विस्तव नाकारल्यावर चिलमीवर नुसती काडी धरताच ती पेटली, ही कथा भक्तांच्या घरोघरी सांगितली जाते. या कथेत सोनाराचे नाव आहे, काडी धरणाऱ्या बंकटलालचे नाव आहे. ती चिलीम कोणत्या कुंभाराने घडवली याचा मात्र उल्लेख नाही आणि तो नसल्याची खंत आजवर कोणा श्रोत्याला वाटलेली नाही. वस्तू तिच्या उपयोगात पुरती विरून जाणे, ही परंपरागत कारागिरीची सिद्धी मानावी की कारागिरावरचा अन्याय, हे ठरवल्याशिवाय स्पर्धेविषयी काही बोलणे व्यर्थ आहे. प्रस्तुत विवेचनाच्या मते ती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आहे. वस्तूने स्वतःकडे लक्ष न वेधता काम करावे हा तिचा गुण. पण ज्या समाजव्यवस्थेने कुंभाराला बलुतेदार म्हणून धान्य दिले आणि मान मात्र क्वचितच दिला, तिने या गुणाचा सोयिस्कर वापर केला हेही तितकेच खरे.

गीतेचा निष्कामतेचा उपदेश या अन्यायाच्या समर्थनार्थ वापरला जातो, तेव्हा तिच्या अठराव्या अध्यायाकडे डोळेझाक होते. तेथे सात्त्विक कर्त्याचे लक्षण सांगताना आसक्तीचा अभाव, धैर्य, उत्साह आणि यशापयशाने न बदलणारे चित्त या गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत. म्हणजे निष्काम कर्ता हा निरुत्साही नसतो आणि त्याला यशापयशाच्या प्रसंगापासून पळण्याची गरजही नसते, कारण प्रसंगच आला नाही तर चित्त स्थिर आहे की नाही हे कळणार तरी कसे? 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत याच अध्यायाच्या ओघात स्वकर्माला ईश्वराच्या पूजेचे स्थान दिलेले आहे. पूजेचा विचार मनात धरला की काम चांगले करण्याची जबाबदारी वाढते, कारण देवाला किडके फूल वाहत नाहीत.

वारकरी परंपरेतील गोरा कुंभारांची कथा या संदर्भात फार मोलाची आहे. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईंनी यातले पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते हे विचारले, आणि गोरोबांनी मडकी ठोकण्याचे थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र दुखावले, आणि गोरोबांनी त्यांनाच कच्चे ठरवले. या कथेचा शेवट अपमानात होत नाही: नामदेव पुढे विसोबा खेचरांना शरण गेले आणि त्या निकालामुळेच त्यांची वाट पुढे सरकली. ही परीक्षा होती, स्पर्धा नव्हती. परीक्षक स्वतः कारागीर होता आणि पारखण्याचे साधन त्याच्या रोजच्या धंद्यातले होते. शिवाय निकालाने कोणाला पहिला ठरवले नाही, ज्याला अजून भाजण्याची गरज होती त्याला तेवढे सांगितले.

याच्या उलट, कोरलेला पाइप किंवा रंगवलेली चिलीम प्रदर्शनाच्या मेजावर ठेवली जाते तेव्हा ती फक्त डोळ्यांनी पारखली जाते. पाइपाचे छिद्र भांड्याच्या तळाशी नेमके मिळाले आहे की नाही, भिंतीची जाडी हाताला चटका बसू देत नाही ना, लाकूड पुरते वाळले होते का, या गोष्टी विस्तव आणि श्वास यांच्याशिवाय कळत नाहीत. चिलमीचा पक्केपणाही आव्यानंतरच्या दुसऱ्या आगीतच सिद्ध होतो. वस्तूचा हेतू बाजूला ठेवून तिचे रूप तेवढे तोलणारा निकाल अपुरा असतो, आणि त्यासाठी कारागीर हळूहळू हेतूच विसरू लागला तर ती हानी बक्षिसाने भरून येत नाही.

अशा बदलाचे सर्वांत मोठे उदाहरण जुन्या ठाणे जिल्ह्यातच घडले. वारली समाजातील सुवासिनींनी लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, ही धार्मिक कृती होती आणि लग्नाविना तिला प्रयोजन नव्हते. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी विधीच्या बाहेर, रोज, कागदावर आणि कापडावर चित्रे काढायला सुरुवात केली. त्यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, तर 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. या प्रवासाने एका उपेक्षित समाजाला नाव आणि मिळकत दिली, म्हणून तो नाकारणे क्रूरपणाचे ठरेल. तरीही विधीतला चौक आणि विक्रीचे चित्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे भान सुटता कामा नये.

हीच सीमारेषा शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात आणखी ठळक होते. सह्याद्रीतील आदिवासी समाज आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, ज्या वाघदेवाची पूजा करतात, त्याचे वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले लाकडी किंवा दगडी फलक रानाच्या कडेला उभे असतात. असा फलक कोणी उत्कृष्ट नमुना म्हणून उपटून प्रदर्शनात मांडला, तर त्याची कारागिरी दिसेल, पण तो देव उरणार नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पाइपस्टोन नावाच्या ठिकाणी हाच वाद पाइपाच्याच निमित्ताने चालत आला आहे. तेथील लाल दगडातून मूलनिवासी जमाती प्रार्थनेचे पाइप कोरतात. 1937 मध्ये त्या खाणीचे राष्ट्रीय स्मारक झाले आणि दगड काढण्याचा हक्क नोंदणीकृत जमातींच्या सदस्यांपुरता राखला गेला. लाकोटा परंपरेत पाइपाचे भांडे आणि त्याची दांडी एरवी वेगळी ठेवतात, विधीच्या वेळीच जोडतात. असे पाइप कोरून विकावेत की नाही यावर त्या समाजांतच तीव्र मतभेद आहेत, आणि ज्यांची वस्तू आहे त्यांनीच हा निर्णय घ्यावा, बाहेरच्या संग्राहकाने नव्हे, हेच न्याय्य आहे.

तंबाखूच्या अपायाचा प्रश्नही टाळता येत नाही. बौद्ध विचारातील सम्यक आजीव, म्हणजे योग्य उपजीविका, ही संकल्पना शस्त्र, विष आणि मादक पदार्थ यांचा व्यापार वर्ज्य मानते, आणि जैन आचारशास्त्रातही गृहस्थाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची यादी आहे. हे नियम व्यापाराविषयी आहेत, छंदाविषयी नाहीत, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे, परंतु ते प्रामाणिकपणाचे नाही. पाइप घडवणारा तंबाखू पिकवत नाही हे मान्य केले तरी वस्तू जितकी देखणी, तितका तिच्या वापराचा मोह मोठा. म्हणून ती कोणाच्या हाती जाते याची काही जबाबदारी घडवणाऱ्यावर राहतेच. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी मुलांच्या आश्रमशाळांत हस्तकला शिकवताना पाइप किंवा चिलीम हा विषय ठेवू नये हे यातून निघते. त्याच हाताला शिवणीच्या लाकडाची पळी, बांबूची बासरी किंवा दुधी भोपळ्याचा तारपा घडवता येतो.

तेव्हा तालुका पातळीवर अशा स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना एवढीच विनंती आहे की परीक्षकांत त्या त्या वस्तूचा कारागीर आणि तिचा वापर करणारा माणूस अवश्य बसवावा, वस्तू हाताळून आणि वापरून पाहावी, क्रमांकासोबत प्रत्येकाला त्याच्या कामात कच्चे काय राहिले हे तोंडी सांगावे, आणि देवाची वस्तू स्पर्धेच्या मेजावर मागू नये.