लाचेच्या पैशातून विद्या घ्यावी का?



आज एका तरुण वकील मुलीची कल्पना करू या. ती ढाक्याची आहे, तिथल्याच न्यायालयात वकिली करते. भ्रष्टाचारविरोधी कायद्याचा पुढचा अभ्यास करावा अशी तिची फार इच्छा आहे, पण परदेशी शिकण्याची घरची ऐपत नाही. विकसनशील देशांतील अशा वकिलांसाठी शिष्यवृत्त्या असतात. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून चालू आहे. व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्ग येथे तर केवळ याच विषयाला वाहिलेली आंतरराष्ट्रीय अकादमी आहे. समजा, आपल्या या मुलीची एका शिष्यवृत्तीसाठी निवड झाली. घरात आनंदीआनंद! मग ती पत्र पुन्हा वाचते आणि थबकते. पैसा देणारी कंपनी तीच, जिने तिच्या देशात लाच चारली होती.

तिने काय करावे?

मुलगी कल्पनेतली असली तरी प्रश्न हवेतला नाही. सीमेन्स या जर्मन कंपनीचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. २००१ ते २००७ या काळात या कंपनीने निरनिराळ्या देशांत किमान ४,२८३ वेळा, एकूण सुमारे १४० कोटी डॉलर लाच दिली, असे अमेरिकेच्या तपासात दिसून आले. बांगलादेशातील मोबाईल फोनच्या कंत्राटासाठी दिलेले सुमारे ५३ लाख डॉलर त्यातलेच. कंपनीने अमेरिकेत आणि जर्मनीत मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरले. ते मुख्यतः त्या दोन देशांच्या तिजोरीत गेले. ज्यांच्या देशात लाच दिली गेली, त्या सामान्य माणसांच्या पदरात त्यातून काय पडले? जवळजवळ काहीच नाही. पुढे २००९ साली जागतिक बँकेशी झालेल्या समझोत्यात कंपनीने भ्रष्टाचारविरोधी कामासाठी पंधरा वर्षांत १० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्या निधीतून शिक्षणाच्या आणि प्रशिक्षणाच्या प्रकल्पांनाही मदत मिळाली.

अशा पैशाला हात लावू नये, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे आपण नीट ऐकून घ्यायला हवे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. शिवाय गरीब देशातल्या हुशार मुलामुलींचे फोटो छापून कंपनीचे नाव उजळते आणि जुना डाग पुसला जातो. या दोन्ही भीती खऱ्या आहेत.

तरीही आम्हाला वाटते, तिने ती शिष्यवृत्ती घ्यावी. कारण हा पैसा मुळात कोणाचा? लाच देणारा ती पदरमोड करून देत नाही. तो ती कंत्राटाच्या किमतीत चढवतो आणि शेवटी भुर्दंड जनतेवर पडतो. म्हणजे जे तिच्या लोकांकडून गेले, त्यातलेच थोडेसे परत येत आहे. जक्कयाने आपण लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले, तेव्हा ‘तुझे हात मळलेले आहेत, आम्हाला नको’ असे म्हणण्याची त्या लोकांना काय गरज होती? परत मिळालेल्या हक्काच्या पैशाला दान म्हणत नाहीत. दान घेणारा मिंधा होतो, परतफेड घेणारा होत नाही. आपलेच उसने परत मिळाले म्हणून कोणी पाया पडते का?

मात्र परतफेड ही परतफेडच राहावी, यासाठी काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. पहिली गोष्ट म्हणजे तिच्या अभ्यासावर देणाऱ्याचा कसलाही दाब नसावा. उद्या तिने याच कंपनीच्या खटल्यावर प्रबंध लिहायचा ठरवला, तर कोणी भुवया उंचावू नयेत. दुसरी, हा पैसा कुठून आणि का आला हे उघड सांगितले जावे. ‘उदार देणगी’ या शब्दांखाली ते झाकू नये. तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट ही, की तिची विद्या तिच्या लोकांच्या उपयोगी पडावी. ज्यांचे नुकसान झाले त्यांचेच हे देणे आहे. त्यांना विसरून ती लठ्ठ पगाराच्या नोकरीत रमली, तर तीच परतफेड अडवणारी ठरेल.

चिव्हनिंगच्या विद्यार्थ्यांना अभ्यासानंतर निदान दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. नियम चांगला आहे, पण परत जाणे नेहमीच सोपे नसते. ग्वाटेमालात बड्या धेंडांची चौकशी करणारे सरकारी वकील हुआन फ्रान्सिस्को सांदोवाल यांना जुलै २०२१ मध्ये पदावरून काढले गेले आणि लगोलग देश सोडावा लागला. म्हणून अशा मुलीला ‘जा, परत जा आणि लढ’ असे सांगताना आपण जरा दमाने घ्यावे. जीव मुठीत धरून जगायचे तिला आहे, आपल्याला नाही. दूर राहूनही ती आपल्या लोकांचे काम करू शकते. प्रश्न ती राहते कुठे हा नसून तिची निष्ठा कोणाशी आहे, हा आहे.

हा प्रश्न आपल्याही दाराशी येतो. नवीन वास्तू उभी करताना, सणाच्या वेळी, मंडळासाठी मोठी देणगी येते. ती कुठून आली हे आपल्याला साधारण ठाऊक असते, तरी आपण दगडावर नाव कोरतो आणि पुढे त्या माणसाविषयी तोंडातून शब्द काढत नाही. ढाक्याच्या त्या मुलीला लावलेली कसोटी तेव्हा आपणही स्वतःला लावू या. हा पैसा ज्यांच्याकडून आला त्यांच्याकडे तो परत जातो आहे का? आणि तो घेतल्यावरही खरे बोलण्याची आपली तयारी आहे का? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो पैसा परतफेड नव्हे. ती आपल्यालाच दिलेली लाच आहे.