इंचांत मोजलेली सावधगिरी

ज्या वस्तूवर राजसत्तेची नजर असते, तिच्या घडणीत पदार्थविज्ञानाचा जेवढा वाटा असतो तेवढाच कायद्याच्या मसुद्याचाही असतो. अमेरिकेतील अर्धस्वयंचलित रायफलींसाठी निघालेली सरळ भिंतीची शिकारी काडतुसे ही या गोष्टीची उत्तम साक्ष होत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे प्रकरण जवळजवळ निकालात काढले. तथापि शस्त्राशी ज्याचा कधी संबंध आला नाही अशा वाचकानेही कायदा आणि कारागिरी यांच्यातील हा व्यवहार पाहण्यासारखा आहे.

सामान्य रायफलीच्या काडतुसाची पितळी पुंगळी चंबूसारखी असते : खाली रुंद पोट, मग उतरता खांदा, आणि वर गोळी धरणारी अरुंद मान. पोट मोठे असल्याने दारू पुष्कळ मावते, नळी बारीक असल्याने गोळी हलकी राहते, आणि या दोहोंच्या योगाने तिला प्रचंड वेग येतो. सरळ भिंतीच्या पुंगळीत ही सोय नाही. तिचा व्यास गोळीच्या व्यासाने बांधलेला, म्हणून दारूची जागा मर्यादित. गोळी जाड, जड आणि मंद. तिचा मार्ग दोनशे यार्डांपलीकडे झपाट्याने जमिनीकडे झुकणारा.

अर्धस्वयंचलित रायफलीशी या आकाराची पहिली सोयरीक कायद्याने नव्हे, यंत्राच्या गरजेने जुळवली. विंचेस्टर कंपनीच्या टी. सी. जॉन्सन यांनी १९०५, १९०७ आणि १९१० साली ज्या रायफली काढल्या, त्यांत बोल्ट, म्हणजे पुंगळीचे बूड मागून बंद करणारा धातूचा ठोकळा, कुलूपबंद होत नसे. केवळ त्याचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांच्या आधाराने तो स्फोटाला थोपवून धरी. अशा रचनेत नळीतील दाब पुरता ओसरण्यापूर्वीच पुंगळी मागे सरकू लागते, आणि ती सरळ असेल तर सरकतानाही तिची भिंत सभोवतालच्या पोलादाला टेकलेली राहून वायू कोंडून धरते. म्हणून .३५१ आणि .४०१ (हे आकडे साधारणपणे गोळीच्या इंचांतील व्यासाचे) ही त्यांची काडतुसे सरळ भिंतीचीच झाली. पुढे १९४१ साली अमेरिकन लष्कराच्या कार्बाइनसाठी जे काडतूस निघाले, त्याचा उगमही या घराण्यातील .३२ मध्येच होता.

शंभर वर्षांनी हाच आकार परतला तो मात्र सरकारी दप्तरातून. ओहायो, इंडियाना, आयोवा आणि मिशिगनचा दक्षिण भाग हा मुलूख सपाट शेतांचा आणि जवळजवळ वसलेल्या वस्त्यांचा. रायफलीची चुकलेली गोळी दोन-तीन मैल जाऊ शकते, या भीतीने तेथे हरणाच्या शिकारीस दीर्घकाळ शॉटगनमधील एकसंध शिशाची गोळी, म्हणजे स्लग, आणि तोंडाकडून भरायची बंदूक यांचीच प्रामुख्याने मुभा होती. ओहायो आणि मिशिगन यांनी २०१४ साली, तर आयोवाने २०१७ साली सरळ भिंतीच्या काडतुसांना दार उघडले. मिशिगनने तर पुंगळीची लांबी किमान १.१६ आणि कमाल १.८० इंच असावी, असेही कलम घातले.

या चौकटीत बसणारे .४५० बुशमास्टर २००७ साली बाजारात आले होते. जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याने व लेखकाने मांडलेली, हलक्या अर्धस्वयंचलित रायफलीतून जाड गोळी झाडण्याची कल्पना त्याच्या मुळाशी होती. त्यामागून २०१९ साली विंचेस्टरचे .३५० लेजेंड आले. दोन्हींना एआर-१५ जातीच्या रायफलीत बसायचे होते, आणि ती रायफल मुळात अवघ्या साडेतीन ग्रॅमच्या आसपासच्या गोळीसाठी आखलेली. तिच्या मॅगझिनच्या पेटीत सव्वादोन इंचांहून फारसे लांब काडतूस मावत नाही, आणि पुंगळीचे बूड जितके रुंद तितका बोल्टवरील धक्का मोठा. म्हणून सोळा ग्रॅमची गोळी फेकणाऱ्या .४५० चा दाब दर चौरस इंचास साडेअडतीस हजार पौंडांवर रोखावा लागला, तर बारीक बुडाच्या .३५० ला पंचावन्न हजारांपर्यंत जाता आले.

खरी मेख पुढेच आहे. काडतूस नळीत नेमके किती खोल जावे हे चंबूच्या आकारात खांदा ठरवतो, जुन्या काडतुसांत बुडाची रुंद कड ठरवते. पण अशा कडा पेटीत एकमेकींत अडकतात म्हणून त्या काढून टाकाव्या लागल्या, आणि खांदा तर सरळ भिंतीला नाहीच, .३५० च्या बाबतीत तो कायद्यानेच काढलेला! उरले पुंगळीचे तोंड. त्या पातळ पितळी काठावर सारे काडतूस टेकायचे, म्हणून गोळी घट्ट धरण्यासाठी तो काठ आत वळवण्याची सोयही राहिली नाही. हलकेच आवळण्यावर भागवावे लागते. शिवाय भिंत अगदी काटेकोर सरळ ठेवावी तर झाडलेली पुंगळी बाहेर निघताना चिकटण्याचा धोका, म्हणून .३५० च्या अंगाला बारीकसा उतार दिलेला आहे. ‘सरळ’ म्हणजे किती सरळ, हे कायद्याने सोडले आणि कारागिराने उचलले.

हा प्रकार आपल्या देशास अपरिचित नाही. बंडखोरांच्या हाती लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी काडतुसे पडू नयेत म्हणून इंग्रज सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५० बोअरला, म्हणजे नळीच्या त्या व्यासाला, मनाई केली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी तक्रारींचे अर्ज करीत न बसता .४६५, .४७० आणि .४७५ बोअरच्या रायफली विक्रीस ठेवल्या. वाघ-हत्तींच्या दृष्टीने त्या फरकात काही अर्थ नव्हता. ईशापूरच्या कारखान्यातील .३१५ बोअरची नागरी रायफलही अशाच लष्करी बोअरबंदीचे अपत्य होय.

यावरून असे कायदे हास्यास्पद ठरवण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. गोळी किती दूर जाईल हे रानात उभा असलेला वनरक्षक मोजू शकत नाही, पुंगळीची लांबी मात्र मोजपट्टी लावून मोजू शकतो आणि तिला खांदा आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी पाहू शकतो. जो नियम जागेवर तपासता येत नाही, त्याचा अंमल शेवटी अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातो, आणि ते अधिक वाईट. दोष आहे तो दुसरीकडे : इंचांचे माप एकदा लिहिले गेले की ते कोणत्या भीतीपोटी लिहिले होते, याची फेरतपासणी सहसा कोणी करीत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळापुढे २००७ साली आलेल्या अहवालात असे आढळले होते की, जमिनीलगत झाडलेला स्लग आपटून उसळल्यावर रायफलीच्या गोळीहूनही दूर जाऊ शकतो. म्हणजे ज्या गृहीतावर शॉटगनचा आग्रह उभा होता, तेच सर्वत्र खरे नव्हते. आणि मिशिगनच्या १.८० इंचांच्या मर्यादेत १८७३ सालचे, धिम्या आणि जड गोळीचे, सरळ भिंतीचे .४५-७० काडतूस बसत नसे, कारण त्याची पुंगळी २.१ इंच लांब आहे. तेथील काही शिकारी ती कापून आखूड करीत आणि कायदेशीरपणे वापरीत.