धाक संपल्यावर काय उरते?

वर धाक नसेल तर माणूस नीतीने वागेल काय? ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात परमपूज्य बाबासाहेबांनी कम्युनिस्टांना हेच विचारले. राज्यसंस्था विरून जाणार म्हणता, मग तिच्या जागी काय येणार? अराजकच येणार असेल तर एवढा खटाटोप कशासाठी? बळ काढून घेतल्यावर समाजाला सावरणारा एकच आधार बाबासाहेबांना दिसला, तो धर्माचा.

राज्यसंस्था मुळातच नको, असे मानणाऱ्या एका माणसाचे चरित्र या प्रश्नाला लावून पाहा. साल्वादोर सेगी हा स्पेनमधील बार्सिलोनाचा कामगार पुढारी. धंद्याने रंगारी, मताने अराज्यवादी. फेब्रुवारी १९१९ मध्ये तेथील वीज कंपनीने आठ कारकुनांना कामावरून काढले आणि संप पेटला. शहर अंधारात बुडाले. लष्करी कायदा पुकारला गेला, हजारो कामगार तुरुंगात गेले. तरी ४४ दिवस संप टिकला. तडजोड ठरली, पण सहकारी तुरुंगातच असल्याने कामगार खवळलेले होते. १९ मार्चला बैलझुंजीच्या मैदानात हजारोंच्या सभेपुढे सेगी उभा राहिला. हाती ना पोलीस, ना सत्ता. केवळ शब्दाच्या बळावर त्याने कामावर परतण्याचा निर्णय पटवून दिला. सरकारने सर्व कैदी सोडले नाहीत म्हणून संप पुन्हा सुरू झाला. पण ३ एप्रिलला आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला.

पुढे मालकांचे मारेकरी आणि सूडाने पेटलेले कामगार यांच्या गोळ्यांनी रस्ते रक्ताळले. सेगी पिस्तुलाच्या मार्गाला विरोध करीत राहिला. १० मार्च १९२३ रोजी भर रस्त्यात त्याचाच खून झाला.

मग त्याचा संयम फुकट गेला काय? नाही. वैराने वैर मिटत नाही, हे तथागतांनी सांगितले ते संयमी माणसाला मरण येत नाही म्हणून नव्हे. सूड घेणारा आपल्या शत्रूसारखाच होतो, म्हणून.

परंतु अराज्यवाद एका ठिकाणी अपुरा पडतो. मालक हटला की माणूस आपोआप चांगला होतो काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली सवर्ण कामगारांनीच ते बंद ठेवले होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. वरचा मालक गेला, तरी मनातला मालक उरतो. त्याला घालविण्याचे काम शीलाचे आहे.

भगवान बुद्धांनी आपल्यामागे कोणी वारस नेमला नाही. धम्मालाच शास्ता म्हटले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांवरही कोणी शिपाई पहारा देत नाही. त्या पाळल्या तर आपल्याच बळावर, आणि मोडल्या तर आपल्याच हातांनी. विहारात पंचशील म्हणून घरी पोटजात पाहून सोयरीक जुळविणाऱ्याने स्वतःला विचारावे: माझ्यावर राज्य कोणाचे, धम्माचे की जातीचे?